कढईतला पाव

आज ज्या पदार्थाविषयी मी बोलणार आहे त्याला मराठीत अजून पक्के नाव मिळालेले नाही. मैद्याची कणीक खमीर घालून फुगवावयाची, तिच्या गोळ्यांत उकडलेल्या बटाट्याचे सारण भरावयाचे, तोंड मिटवावयाचे आणि कढईत तळून काढावयाचे, एवढाच त्याचा प्रकार. रशियन लोक त्याला पिरोझ्की म्हणतात. पेडणे तालुक्यातील मोरजी, हरमल ह्या किनाऱ्यावरील गावांत ह्या शतकाच्या आरंभापासून रशियन प्रवाशांची वर्दळ वाढत गेली. मोरजाई देवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोरजीत दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत लागल्या, आणि त्या पाट्यांमागील मुदपाकखान्यांत आमच्या भागातील माणसे कामाला लागली. २०२० मध्ये साथ आली, २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटले, हंगाम सुने गेले. पण हाताला लागलेली कृती विमानाबरोबर परत जात नाही. आमच्या परिचयाच्या काही घरांत आता पावसाळ्याच्या संध्याकाळी हा पदार्थ होतो. कोणी त्याला रशियन नेवरी म्हणतात, कोणी नुसता तळलेला पाव. मला स्वतःला ‘कढईतला पाव’ हे नाव पसंत आहे. कारण हा पाव भट्टीतून न येता कढईतून आला, ह्या एका गोष्टीत आपल्या चारशे-पाचशे वर्षांच्या इतिहासातील एक मोठी अडचण सुटलेली मला दिसते. ती अडचण कोणती, ते सांगण्यासाठीच हे भाषण.

ह्या पदार्थात दोन गोष्टी आहेत, पाव आणि बटाटा. दोन्ही आपल्याकडे पोर्तुगिजांच्या गलबतांतून आल्या आणि दोहोंची नावेही त्यांच्याच भाषेतून आली. उत्तरेकडे बटाट्याला ‘आलू’ हे जुने संस्कृत वळणाचे नाव मिळाले. आपण मात्र ‘बटाटा’ म्हणत राहिलो. मौजेची गोष्ट अशी की, ‘बटाटा’ हा शब्द मुळात बटाट्याचा नव्हेच. कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवासी तो रताळ्याला वापरीत. बटाटा जन्मला दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर. युरोपीय खलाशांनी दोन कंदांचा घोटाळा केला, आणि तो घोटाळा आपण आजतागायत भाजीबाजारात बोलून दाखवीत असतो.

तर असे हे दोन परदेशी पाहुणे. पण त्यांचे स्वागत किती वेगळे झाले पाहा! बटाट्याला आपण थेट उपवासाच्या पानात बसविले. एकादशीच्या खिचडीतील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला, दाणे अमेरिकेतले, हिरवी मिरची अमेरिकेतली आणि बटाटाही अमेरिकेतलाच. इतक्या परक्या वस्तू एका पातेल्यात शिजवून आपण त्या विठ्ठलाच्या नावाने निःशंक मनाने खातो. उलट गहू हे आपले प्राचीन धान्य. त्या गव्हाचे पीठ आंबवून भाजले, एवढ्यावरून पाव मात्र पिढ्यानुपिढ्या उंबरठ्याबाहेर उभा राहिला. नुसता उभा राहिला असे नव्हे. ‘पाव खाल्ला’ ह्याचा अर्थ ‘बाटला’ असा होऊन बसला.

असे का व्हावे? माझ्या समजुतीप्रमाणे ह्याचे उत्तर धर्मग्रंथांत शोधण्यापेक्षा स्वयंपाकघरात शोधावे. बटाटा आला तो कच्चा आला. कच्च्या वस्तूला विटाळ नसतो. ती घरच्या पाण्याने धुवावी, घरच्या चुलीवर शिजवावी, की ती घरची झाली. पाव आला तो शिजून आला. परक्याच्या हाताने, परक्याच्या पाण्यात भिजलेला, परक्याच्या भट्टीत भाजलेला. त्यातून तो फुगविलेला असे सुरेने. पोर्तुगालात पाव आंबविण्यासाठी जे खमीर मिळे ते गोव्याच्या हवेत मिळेना. तेव्हा माडाच्या ताज्या सुरेने ते काम भागविण्यात आले. रेंदेर माडावर चढून सूर काढी आणि ती पोदेराच्या भट्टीत जाई. साष्टीतील माजोर्डे गावी जेसुइट पाद्र्यांनी पाव भाजण्याची विद्या प्रथम शिकविली, असे सांगतात. पुढे ह्याच पोदेरांनी मुंबईत भट्ट्या घातल्या आणि मुंबईकरांना पावाची चटक लावली. सुरेचे नाव निघताच सोवळ्या घरात काय वाटत असेल ते सांगावयास नको. वास्तविक आंबविण्याचे आपणांस वावडे मुळीच नव्हते. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबतेच. आमच्या ख्रिस्ती घरांतील सान्ना सुरेने फुगते आणि शेजारच्या हिंदू घरातील आंबोळी उडदाने फुगते. पातेल्याच्या आत घडणारी क्रिया एकाच कुळातील. फरक होता तो हाताचा आणि भट्टीचा.

येथे एक गैरसमज दूर करणे मला अवश्य वाटते. पाव गोव्यात आला तो चर्चमधील विधीसाठी आला, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. आम्हां रोमन पंथीयांच्या मिस्सेतील होस्तिया बिनखमिराची, पापडासारखी पातळ असते. फुगलेला पाव हे पोर्तुगीज शिपायाचे, खलाशाचे आणि अंमलदाराचे रोजचे जेवण होते, त्याहून अधिक काही नाही. किंबहुना आमच्या मराठी प्रार्थनेतही रोजच्या अन्नासाठी देवाजवळ मागतो ती भाकर, पाव नव्हे.

तरीही पावावर धर्माचा शिक्का बसला, आणि तो दोन्ही बाजूंनी बसविला गेला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी गावाने प्याले आणि सारा गाव बाटला, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत कोकणभर सांगितली जाते. ती अमुक गावी अमुक साली घडली असे कोणी सांगत नाही. पण तिच्यामागची भीती मात्र खरी होती. घाटाखालच्या माणसाला आपला धर्म एका घोटाने जाऊ शकतो, आणि गेला की परत येत नाही, असे वाटत होते. दुसरी बाजूही तितकीच कडक. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. मधली चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. त्याच्या १७३६ च्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती लोकांना ज्या चालीरीतींची बंदी करण्यात आली, त्यांत एक कलम भाताविषयी आहे. हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून मागाहून मीठ घालू नये, असे त्यात म्हटले आहे. श्रोतेहो, ह्या कलमाचा थोडा विचार करा. भातात मीठ आधी की नंतर, एवढ्यावरून माणसाची निष्ठा तपासली जात होती. आमच्या पूर्वजांची चूल अशी दोहोंकडून पहाऱ्यात होती. पाव खाल्ला तर एकाचा अपराध, अळणी भात शिजविला तर दुसऱ्याचा.

ह्या पहाऱ्याविरुद्ध मराठी माणसाने पहिले बंड केले तेही पाव खाऊनच. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रमुख. सभासद होणाऱ्याने जातिभेद मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे, असा तिचा दंडक होता. तत्त्वज्ञान पुष्कळ होते, पण कसोटी एका घासाची होती. आणि तो घासही गुप्तपणे घ्यावयाचा! १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती पडली आणि सभा मोडली. पुढे तीस वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यावरून पुण्यात केवढे ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसे गेले आणि १८९२ मध्ये रानड्यांसारख्या न्यायमूर्तींनाही प्रायश्चित्त कसे घ्यावे लागले, हे आपणांस ठाऊक आहेच. बिस्किट म्हणजे पावाचेच धाकटे भावंड.

आता पेडणे आणि डिचोली ह्या तालुक्यांकडे वळू. कारण येथील हकीकत जुन्या गोव्याहून निराळी आहे. बार्देश, तिसवाडी, साष्टी हे प्रांत सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये गेली, पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेले. मधल्या अडीचशे वर्षांत पुष्कळ पाणी वाहून गेले होते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केला, तो नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधविले. म्हणजे पळून आलेल्या देवांनाही आसरा देणारा हा मुलूख. तो उशिरा जिंकला गेला, त्यामुळे येथील देवळे उभी राहिली, शाळांत आणि कीर्तनांत मराठी राहिली, आणि चुलीवरचा पहाराही तितका कडक बसला नाही. बार्देश आणि पेडणे ह्यांच्यामध्ये शापोरा नदी वाहते. शिवोलीहून चोपड्याकडे आज पुलावरून दोन-चार मिनिटांत जाता येते. पण पूर्वी ह्या पात्रातून होडी ओलांडणे म्हणजे जुन्या काबिजादीतून नव्या काबिजादीत, पावाच्या मुलखातून भाकरी-आंबोळीच्या मुलखात पाऊल टाकणे होते.

ह्या मुलखात पावाने घरोबा केला तो पाद्र्याच्या मागून नव्हे, चहाच्या दुकानाच्या मागून, असे माझे मत आहे. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाजारात कोणत्याही चहाच्या दुकानात सकाळी जाऊन बसा. पातळ भाजी किंवा बटाट्याची सुकी भाजी, आणि तिच्याबरोबर पाव. दुकान हिंदूचे, भाजी देवळाच्या प्रसादात शोभावी अशी, पाव पोदेराचा. खाण्यासाठी कोणी परमहंस सभेत नाव नोंदविलेले नसते! दोन परदेशी पाहुणे येथे एका बशीत आले. मात्र बशीतच, एका कणकेत नव्हे. बटाटा घरी शिजे, पाव विकत येई.

बटाट्याविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गोव्यात तो फारसा पिकत नाही. तो घाटावरून, बेळगावच्या बाजारातून येतो. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली आणि ही वाट बंद झाली. तेव्हा पोर्तुगीज सरकारने गोव्यासाठी बटाटे आणविले ते हॉलंडहून, बोटीने. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त होईपर्यंत हा प्रकार चालला. सावंतवाडीच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या पेडणेकराने हजारो मैलांवरून आलेला बटाटा सोलावा, ह्यासारखा राजकारणाचा धडा भूगोलाच्या पुस्तकात सापडणार नाही.

आता रशियाकडे पाहू. तेथे हाच इतिहास आरशात पाहावा तसा उलटा दिसतो. आंबविलेली कणीक ही रशियन माणसाची प्राचीन आणि पूज्य वस्तू. आमच्या रोमन पंथात वेदीवरचा पाव बिनखमिराचा, तर त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात तो खमिराचाच असला पाहिजे. अकराव्या शतकात हे दोन पंथ दुभंगले त्या वेळच्या वादात हाही एक मुद्दा होता. ‘पिरोग’ ह्या शब्दाचे मूळ ‘पीर’ म्हणजे मेजवानी ह्या शब्दात आहे असे मानतात, आणि लहान पिरोग ते पिरोझ्की. ह्या घरच्या कणकेत बटाटा मात्र उपरा होता. १७६५ मध्ये कॅथरीन राणीच्या कारकिर्दीत बटाटा लावण्याविषयी सरकारी फर्मान निघाले. शेतकऱ्यांनी त्याचा संशय घेतला. जुन्या पंथाचे सनातनी लोक त्याला सैतानाचे सफरचंद म्हणत. १८४० नंतरच्या चार-पाच वर्षांत सरकारने लागवडीची सक्ती केली तेव्हा ठिकठिकाणी दंगे झाले आणि ते मोडण्यास सैन्य पाठवावे लागले. म्हणजे पाहा, आपल्याकडे बटाटा उपवासाला चालला आणि आंबलेली कणीक बाटविणारी ठरली. तिकडे आंबलेली कणीक देवाच्या वेदीवर गेली आणि बटाटा सैतानाचा ठरला. एकाच पदार्थाचे सारण एका देशाला नको होते आणि पारी दुसऱ्या देशाला.

ह्या कोकणपट्टीवर रशियन माणूस पहिल्यांदा आला तो मोरजीला नव्हे. अफानासी निकितीन हा त्वेर गावचा व्यापारी इ. स. १४७० च्या सुमारास घोडा विकावयास चौल बंदरी उतरला, जुन्नर-बिदर पाहून दाभोळहून परत गेला. आपल्या वृत्तान्तात त्याने लिहून ठेवले आहे की, हिंदू लोक परधर्मीयाची नजर आपल्या अन्नावर पडू देत नाहीत आणि पडली तर ते अन्न खात नाहीत. त्या वेळी वास्को द गामा यावयाचा होता, आपल्याकडे बटाटा नव्हता. निकितीनचे देशबांधव आज पेडण्यात शेजारच्या मेजावर बसून आपला पिरोझ्की आमच्या माणसाच्या हातून घेतात आणि तो माणूस उरलेला स्वतः खातो. निकितीनला हे कोणी सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

आता कृतीकडे वळतो. कारण खरा मुद्दा तेथेच आहे. आपल्या घरात भट्टी नाही, पूर्वीही नव्हती. आमच्या ख्रिस्ती घरांतदेखील बिबिंक करताना वर-खाली निखारे ठेवून काम भागवीत. पाव पोदेराकडूनच येई. खमीरही घरी टिकत नसे. खमीर ही सूक्ष्म जीवांची वस्ती आहे. हे जीव साखर खातात आणि त्यातून मद्यार्क व वायू निर्माण करतात. पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ पासून हे सिद्ध करून दाखविले. १८६८ मध्ये अमेरिकेत फ्लाइशमन बंधूंनी दाबलेल्या खमिराच्या वड्या बाजारात आणल्या, पण त्यांना थंडावा लागे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी कोरडे दाणेदार खमीर तयार झाले, तेव्हा प्रथम उष्ण देशातील साध्या फडताळात ही वस्तू टिकू लागली. आपण ज्याला यीस्ट म्हणतो ते हेच. पुढे पुष्कळ पोदेरांनीही सूर सोडून त्याचाच आश्रय केला.

अर्धा किलो मैदा घ्यावा. तीनशे मिलिलिटर दूध कोमट करावे. बोट सुखाने ठरेल इतपतच, कारण साठ अंशांच्या जवळ गेले की हे जीव मरतात. त्यात एक मोठा चमचा साखर आणि सात ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे, कोरडे यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. वर फेस आला नाही तर यीस्ट मेलेले आहे असे समजावे आणि मैदा वाया घालवू नये. फेस आला की मैद्यात चमचाभर मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि हे दूध घालून कणीक दहा मिनिटे चांगली मळावी. ती पुरीच्या कणकेहून पुष्कळ सैल असावी. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली की आमच्या हवेत तासाभरात दुप्पट होते. रशियन बाई हिवाळ्यात ही परात शेगडीशेजारी ठेवून बसते. आपणांस तो सायास नाही.

सारणासाठी अर्धा किलो जुने, पिठूळ बटाटे उकडून गरम असतानाच कुसकरावेत. रशियन रीत म्हणजे परतलेला कांदा, मिरे आणि बारीक चिरलेला शेपू. शेपू नाक मुरडून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा हे सारण खाऊन पाहावे. पेडण्याच्या घरात शेपूऐवजी मोहरी, हळद आणि हिरवी मिरची पडते, आणि त्यात वावगे काही नाही. सारण पूर्ण थंड आणि कोरडे असावे. ओले सारण पारी आतून भिजविते आणि कढईत तोंड उघडते. कणकेचे सोळा गोळे करावेत, हातानेच थापावेत, सारण भरून नेवरीसारखे तोंड दाबावे. ज्या घरात नाताळच्या नेवऱ्या किंवा दिवाळीच्या करंज्या होतात त्या घराला हे शिकवावे लागत नाही. फक्त येथे कातण फिरवावयाचे नाही, चिमटीने मिटवावयाचे. मग पंधरा मिनिटे पुन्हा फुगू द्यावे. तेल मध्यम तापवावे. कणकेचा कण टाकला असता तो सावकाश वर आला पाहिजे. झटकन वर येऊन लाल झाला तर आच कमी करावी, नाही तर वरून करपते आणि आत कच्चे राहते. जोडाची बाजू आधी खाली सोडावी, म्हणजे ती पहिल्या तापातच बंद होते.

आता मघाची अडचण आठवा. पावावर आक्षेप तीन होते, परक्याचा हात, परक्याच्या पाण्याची भट्टी आणि सूर. येथे हात घरचा आहे. खमीर पुडीतून आले आहे, माडावरून नव्हे. आणि कणीक दुधात भिजविली आहे, तेलात तळली आहे. जुन्या काळी प्रवासाला निघताना दशम्या दुधात भिजवीत त्या ह्याचसाठी, की पाण्यातल्या अन्नासारखा त्यांना विटाळ लागू नये. तळलेल्या जिन्नसांनाही अशीच सवलत होती. विटाळाचे ते नियम मी मानीत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेक जण मानीत नसतील. पण परमहंस सभेतील एखाद्या बिचाऱ्या सभासदाच्या आईने हा पाव कढईतून काढला असता, तर यादी चोरीला जाण्याची भीती बाळगण्याचे त्याला कारण पडले नसते!

आमच्या घरी तपश्चर्येच्या काळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते, तेव्हा हा पदार्थ बरोबर चालतो. आमच्या शेजारच्या काकूंना एकादशीला तो चालत नाही, मैद्यामुळे आणि कांद्यामुळे. त्या दिवशी त्या बटाटे वेगळे काढून तुपात जिऱ्यावर परततात, आणि कणकेचा डबा भिंतीवरून आमच्याकडे येतो. कणीक तशीच ठेवून चालत नाही. दोन-अडीच तासांहून अधिक राहिली की आंबट होते, म्हणून मुलांना लगेच तळून द्यावी लागते.